विचार करून कळवतो

सईदाच्या शोकसभेत लोकांनी तिची पार साध्वी करून टाकली. कुणी म्हणालं, बाई फार शांत होत्या. कुणी म्हणालं, आयुष्यात त्यांनी कुणाचं मन दुखवलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून काठी आपटत होते, पण काठीचं कोण ऐकतं? मास्तर घडवणाऱ्या कॉलेजात ती जन्मभर मानसशास्त्र शिकवत होती, आणि वर्गात कुणी जांभई दिली तर त्याला उभं करून जांभईवरच बोलायला लावत होती. आणि मन दुखवण्याचं म्हणाल तर तिची एम.ए.ची पदवी उभीच आहे लोकांना टोचेल असं विचारण्यावर. ते कुणी सांगितलं नाही. माहीत असणारे बहुतेक गेले. मी उरले आहे, म्हणून लिहिते.

सईदा वणीच्या मोहिउद्दीन मिस्त्रींची मुलगी. मोटार स्टँडजवळ त्यांचं गॅरेज होतं. राजूरच्या खाणीचे ट्रक तिथे दुरुस्तीला येत, त्यामुळे त्यांच्या घरातल्या पांढऱ्या कपड्यालासुद्धा कोळशाची झाक असे. आमचं घर मागच्या गल्लीत. माझे वडील विठ्ठलराव जिनिंग फॅक्टरीत कारकून. आम्ही दोघी १९५६ साली मॅट्रिक झालो आणि माझ्या वडिलांनी मला नागपूरला धाडायचं ठरवलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "विमल जा री तो सईदा भी जाएगी." एवढ्या एका वाक्यावर ती कॉलेजात गेली. तिचा थोरला भाऊ इकबाल तेव्हापासूनच नाराज. तो चौथीत शाळा सोडून बापाच्या हाताखाली लागला होता.

बी.ए.ला तिच्या पुस्तकात व्यक्तिभेदाचा धडा होता. एकाच आईबापाची, एकाच ताटात जेवलेली दोन मुलं वेगळी का निघतात? तिने पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, "विमल, हे आमच्या घरचं लिहिलंय. इकबालभाई माझ्यापेक्षा हुशार आहे, तो नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखतो. मी फक्त त्याच्यापेक्षा जास्त वेळ एका जागी बसू शकते. याला हुशारी म्हणायचं का?"

"मला काय विचारतेस? मी इतिहासवाली."

"मग मोजायला पाहिजे," ती म्हणाली. आणि तिला ते मोजण्याचं वेड लागलं ते लागलंच. हॉस्टेलच्या मुलींना ती आरशात बघून चांदणी काढायला लावायची, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायला द्यायची. मुली तिला दुरून येताना बघितलं की संडासात जाऊन लपत.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरासोबत एक छोटा प्रबंध लिहून द्यायचा होता. मिस्त्रींनी आधीच बजावून ठेवलं होतं. उन्हाळ्यात प्रबंध देऊन मोकळी झालीस तर पदवी घे, नोकरीचंही पाहू. नाही झालीस तर आणखी एक वर्ष मिळणार नाही, अन्सारशी निकाह. अन्सार राजूरच्या खाणीत वर्कशॉपला होता, लांबच्या नात्यातला, इकबालचा दोस्त. मुलगा वाईट नव्हता. पण सईदाला पदवी हवी होती. पदवी म्हणजे तिच्या लेखी कागद नव्हता. "मी मोजलेलं खरं आहे असं कुणीतरी परक्याने म्हणायला पाहिजे," असं ती म्हणायची.

आमच्या काळात विषय सर देत. तिच्या सरांनी अमेरिकेतल्या पुस्तकातली एक पट्टी काढून दिली. सामाजिक अंतर मोजण्याची पट्टी. माणसाला विचारायचं, अमुक जातीधर्माच्या माणसाला तुम्ही गावात राहू द्याल का? शेजारी घर द्याल का? पंगतीला बसवाल का? सोयरीक कराल का? पुढे हो, नाही, सांगता येत नाही, असे तीन रकाने. जितक्या वरच्या पायरीपर्यंत हो, तितकं मनातलं अंतर कमी. सईदाने सगळं बसून वऱ्हाडीत आणलं आणि हिवाळ्याच्या सुटीत मला म्हणाली, "मुकुटबनला तुझे काका आहेत ना? चल."

मुकुटबनला, आमच्याच वणी तालुक्यात, माझे चुलते भगवानराव आणि काकू तानाबाई. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, आणि तुरीची शेती, माणसं घरंदाज. आम्ही ओसरीवर चटईवर बसलो. काकूने चहा आणला. आम्हाला पितळी पेल्यात, सईदाला निळ्या फुलांच्या, कान तुटलेल्या कपात. सईदाने एका हातात तो कप धरला, दुसऱ्या हाताने पेन्सिल उचलली आणि पहिलाच प्रश्न सगळ्यात वरच्या पायरीचा, तोही तिकडच्या आदिवासी कोलामांबद्दल, विचारला.

"काकू, कोलामाची मुलगी सून म्हणून कराल का?"

काकूने पदर सावरला. "कोणत्या गावची?"

"कोणत्याच नाही. समजा."

"समजा काहून? पोरगी असन तर सांग न. कोणाची हाय, रंगानं कशी हाय?"

"काकू, पोरगी नाहीच. नुसतं विचारते."

"नुसतं कोनी इचारते का व बाई? एवढ्या दुरून आली तू, मोटारीत हाडं खिळखिळी करून." काकूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाही ठाऊक नाही. मग काकू एकदम गोड झाली. "बरं. पाहू. इचार करून सांगतो."

सईदाने तिसऱ्या रकान्यात खूण केली. "आणि मुसलमानाची?"

आता काकूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आतून भाजलेल्या शेंगा आणून पुढ्यात ठेवल्या. "घे, खा. चांगली हायेस तू. आमच्या घरात माह्या एकटीच्या मतानं चालत नाही, माय. यायले इचारतो, मंग कळवतो."

भगवानराव काका बाजेवरून म्हणाले, "हो, हो. सवडीनं कळवू."

प्रत्येक घरी असंच. कुठे गूळ मिळाला, कुठे पानसुपारी. कुणी म्हणालं, पोराले इचारू द्या. कुणी म्हणालं, यंदा पऱ्हाटी बुडाली, पुढल्या साली पाहू. एका म्हातारीने तर सईदाच्या हाताचा पंजा उघडून पाहिला आणि विचारलं, "कापूस येचता येते का?" नाही म्हणून कोणी म्हणालं नाही. आम्ही परतलो तेव्हा सईदा खुशीत होती. "विमल, किती भली माणसं! एकाने दार लावलं नाही."

सरांनी कागद पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे तिने मला नंतर नक्कल करून दाखवलं, म्हणून सांगते.

"मिस सईदा, तुमच्या प्रबंधाचा निष्कर्ष असा की वणी तालुक्यात जातपात शिल्लक नाही. आहे फक्त अनिश्चितता. दिल्लीला तार करू?"

"सर, लोकांनीच तसं सांगितलं."

"लोकांनी काहीच सांगितलं नाही. तिसरा रकाना म्हणजे रिकामा रकाना. हा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही. पुन्हा करा, नाहीतर पुढल्या वर्षी बसा."

पुढलं वर्ष तिच्याजवळ नव्हतं. सरांना ते माहीत नव्हतं आणि तिने सांगितलंही नाही. रडगाणं गायचा तिला तिटकारा होता. हॉस्टेलच्या खोलीत ती ते कागद पसरून बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "एवढ्या सगळ्या माणसांना स्वतःचं मत कसं माहीत नाही?"

होळीला आम्ही घरी आलो, तर वणीत वेगळीच होळी पेटलेली. मुकुटबनचे लोक वणीच्या बाजाराला येत, आणि बाजारात बोलवा झाली होती की मिस्त्रीची शिकलेली पोरगी आपलं स्थळ आपणच घेऊन कुणब्यांच्या घरोघर फिरून राह्यली. काहींचं म्हणणं त्याहून पुढचं, तिच्याजवळ सगळ्या जातीच्या पोरी हायेत, जी पाहिजे ती सांगा. राजूरला अन्सारच्या बापाच्या कानावरही गेलं, आणि त्याने इकबालकडून निरोप धाडला की हे काय प्रकरण आहे ते आधी कळू द्या.

सईदाचा निरोप आला म्हणून मी सकाळी तिच्या घरी गेले. अंगणात मिस्त्री हाताचं ग्रीस पुसत उभे होते. इकबालचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. तिची विधवा आत्या बिस्मिल्लाबी, जिला सगळे फूफी म्हणत, ती सुपात तांदूळ पाखडत बसली होती. घरात आई नव्हती, जो काही कारभार तो फूफीचा.

"पूरे बाजार में बात हो री," इकबाल म्हणाला. "घर घर जाके पूछ री, मुसलमान बहू चलेगी क्या!"

"पूछा तो था," सईदा म्हणाली. "वो पढ़ाई का सवाल था, भाईजान."

"सवाल? लडकी का पैगाम लेके लडकी खुद जाती क्या?"

"मैं पैगाम लेके नहीं गई!"

फूफीचं सूप हलायचं थांबलं. तिचे खांदे हलत होते. "तो और क्या समझेंगे रे बेचारे? घर में घुसी, चटाई पे बैठी, चाय पी, फिर बोली बहू चलेगी क्या. तेरे अब्बा का रिश्ता मैंने ऐसेच जमाया था. तू फकत मिठाई ले जाना भूली."

मी आणि सईदाने एकमेकींकडे पाहिलं. आमच्या घरात कधी स्थळं आली नव्हती का? आली होती. पण स्थळाची बोलणी चालू असताना मुलींना आत चुलीपाशी बसवत. ती बोलणी कशी होतात, ते दोघी बी.ए. झालेल्या बायांनी कानाने ऐकलंच नव्हतं.

"फूफी," सईदा हळूच म्हणाली, "रिश्ता पसंद नहीं आया तो लोग क्या बोलते?"

"कुछ नहीं बोलते. सोचके बताते, बोलते. दरवाजे पे आए आदमी को मुँह पे ना कौन बोलता? चाय पिलाते, मीठा बोलते, और फिर जिंदगी में बताते नहीं."

सईदाने दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. "विमल! ते सगळं नाहीच होतं गं! रिकामा रकाना नाही तो. भरलेला आहे!"

"इधर इज्जत जा री," इकबाल कपाळावर हात मारून म्हणाला, "और ये खुश हो री."

मिस्त्रींनी पुसायची चिंधी खाली टाकली. ते कमी बोलत, पण बोलले की घर ऐकत असे. "बस हुआ. नागपूर बंद. अन्सार के घर मैं जाता हूँ, बात संभालता हूँ."

दुसरी कुणी असती तर रडली असती, पाया पडली असती. सईदा बापासमोर जाऊन उभी राहिली. "अब्बा, आपकी बात मानूंगी. पहले एक सवाल का जवाब दो."

"पूछ."

"पिंजारों की रौशन. अपने इकबालभाई के लिए करेंगे?"

पिंजाऱ्यांचं घर दोन दारं सोडून. गाद्यांचा कापूस पिंजणारी माणसं, रोजचं येणंजाणं, त्याच मशिदीत नमाज. पण मिस्त्रींच्या घरात पिंजाऱ्याकडे मुलगी कधी दिली नव्हती की घेतली नव्हती. मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला.

"रौशन? अच्छी लडकी है. घर भी अच्छा है. देखेंगे. जरा सोचके..."

आणि ते थांबले.

फूफीच्या मांडीवरचं सूप उलटलं. तांदूळ अंगणभर. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मिस्त्री आधी रागाने तिच्याकडे पाहत होते, मग त्यांच्याही मिशीत हसू आलं, मग ते कट्ट्यावर बसलेच. इकबाल मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मेरे से तो किसीने पूछाच नहीं," आणि गॅरेजात निघून गेला.

"तो तेरी पट्टी हमारे घर में भी लगती है," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले.

"सब घर में लगती है, अब्बा. गलती मेरी थी. मैंने पूछा, करेंगे क्या. पूछना था, किया क्या. मुझे एक बार और जाने दो."

मिस्त्रींनी खाली टाकलेली चिंधी उचलली. "जा. लेकिन बिस्मिल्ला साथ जाएगी. और अन्सार को क्या जवाब देना है?"

"वो मेरे पे छोड़ो."

त्या रात्री तिने प्रश्न नव्याने लिहिले. कराल का, द्याल का, एकही नाही. तुमच्या घरच्या मागच्या लग्नात कोण कुठे जेवायला बसलं? कुणाला पान वाढलं, कुणाला शिधा दिला? तुमच्या विहिरीवर कोण दोर टाकतो आणि कुणाला वरून पाणी ओततात? चहा कुणाला कशातून देता? मी वाचून म्हणाले, "सईदा, लोक मारतील."

"मारलं तर तेही लिहू."

उन्हाने मुकुटबनच्या रस्त्याची माती पीठ झाली होती. या खेपेला फूफी पुढे, आम्ही मागे. प्रत्येक दारात फूफी आधी ओरडून सांगायची, "आम्ही रिश्ता घेऊन नाही आलो जी! घाबरू नका!" लोक हसायचे, या म्हणायचे, आणि प्रश्न सुरू झाले की हसणं जायचं. एकाने विचारलं, कोण्या पार्टीच्या हायेत? एकाने कागद मागितला, उलटा धरून वाचला आणि म्हणाला, निघा. पंजा पाहणाऱ्या म्हातारीने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, आता माह्या सुनेले हे सांगू नको. सईदाचा घसा बसला होता, चपलेचा पट्टा तुटला होता, तो तिने चिंधीने बांधला आणि पुढचं घर गाठलं. एका घरी गुळाऐवजी शिव्या मिळाल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हे बरं. निदान उत्तर तरी आहे."

तानाबाई काकूचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. काकूने तसाच चहा आणला. आम्हाला पेले, फूफीला आणि सईदाला कप. फूफीने चहाकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि तो बशीत ओतला. सईदाने लग्नाचं विचारलं, विहिरीचं विचारलं. काकू सांगत गेली. मग शेवटचा प्रश्न.

"काकू, चहा कुणाला कशातून देता?"

बाजेवर काका खाकरले आणि उठून गोठ्याकडे गेले. मी चुलतभावाच्या लग्नाचा फोटो पाहत बसले, नाहीतर काय करणार?

"तुह्या हातात काय हाय?" काकू म्हणाली.

"कप."

"मंग. तो येगळा हाय. अंगणातल्या कोनाड्यात राह्यते. तुमच्यातलं कोनी आलं की काढतो, नाही तर खाली नाही काढत."

सईदाने कपाकडे पाहिलं. हिवाळ्यात याच ओसरीवर, हाच कप हातात धरून ती विचारत होती की तुम्ही आम्हाला जवळ कराल का. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता कप आपटते.

तिने उरलेला चहा पिऊन टाकला. "लिहू?"

"लिव," काकू म्हणाली. मग तिचाही आवाज चढला. "अन् माह्या सासूनं ठेवला म्हणून मी ठेवला, हेबी लिव. मले कोनी इचारलं नाही. आता तू सांग. मी तुह्या घरी आली तर कशात देशीन?"

"आमच्या घरचा तुम्ही घ्याल?"

काकूने तोंड उघडलं. 'पाहू' तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. ते तिने गिळलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही घेनार."

"तुमच्यासाठी आम्ही हॉटेलातून मागवू. आमच्याकडे तसंच करतात. तेही लिहिते."

"लिव," काकू म्हणाली. आणि मग, माझ्या काकूच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं ते, "बस. आनखी चहा टाकतो. साखर कमी पडली वाटते."

"पडलीच होती," फूफी म्हणाली.

कप मात्र बदलला नाही. उगाच गोड शेवट करायला मी सांगत नाही. तोच कप पुन्हा भरून आला.

सरांनी नवे प्रश्न पाहून आधी नाक मुरडलं. हे पुस्तकात नाही, म्हणाले. सईदा म्हणाली, "तुमच्या पुस्तकातल्या गावात मुलीचे लोक चटईवर बसून चहा पीत नसतील, सर." सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि बसा म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती बाहेर आली नाही. प्रबंधात तिने दोन्ही खेपा लिहिल्या. पहिली खेप कशी चुकली, का चुकली, आणि त्या चुकीतून काय कळलं. अंगणातला रौशनचा प्रश्नही लिहिला, बापाचं नाव न घालता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत एवढंच विचारलं की कपाचा प्रश्न कुठून सुचला? ती म्हणाली, "हातात होता." तिला दुसरा वर्ग मिळाला. पहिला का नाही, यावर ती मरेपर्यंत भांडत होती. शोकसभेत कुणीतरी सुवर्णपदक म्हणाला, तेही खोटं.

निकाल लागल्यावर अन्सार भेटायला आला. एकटाच, इस्त्रीचा शर्ट, राजूरहून सायकलने. सईदाने मला बोलावून घेतलं होतं. मिस्त्री कट्ट्यावर, फूफी दाराआड. अन्सार सभ्य होता. स्वतःहून म्हणाला की बाजारातल्या गोष्टीवर त्याचा विश्वास नाही, आणि लग्नानंतर सईदाने नोकरी केली तर त्याला काही हरकत नसेल.

"करने देंगे, ये मैंने नहीं पूछा," सईदा म्हणाली. "आपकी बहन है ना, छोटी?"

"है. जुबेदा."

"कहाँ तक पढ़ी?"

अन्सार जरा घुटमळला. "सातवी तक. पढ़ने में तेज थी वैसे."

"फिर किसने निकाला?"

त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री गॅरेजाकडे पाहत होते. "मैंने," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

सईदाने मान डोलावली. आत जाऊन तिने चहा आणला, घरच्या चांगल्या कपात, साखर बरोबर घातलेला, आणि त्याच्यासमोर ठेवला.

"अन्सारभाई," ती फार गोड आवाजात म्हणाली, "मैं सोचके बताती हूँ."

दाराआडून फूफी म्हणाली, "समझा क्या रे बेटा? अब चाय पी ले, दूर जाना है तेरे को."